नऊ महिन्यांनी परत आलेला रांजण

गिरजा कुंभारणीची माती काढायची जागा वीटभट्टीवाल्या गणोजीनं बळकावली. गावचे पंच गिरजेच्या बाजूनं निकाल देणार, अशी कुणकुण लागताच गणोजीनं दावा उचलून संस्थानच्या कचेरीत नेला. तिथे नऊ महिने नुसत्या तारखा पडल्या. शेवटी न्यायाधीश दाजीसाहेब जांभई देत म्हणाले, "दावा इकडे आणला त्या अर्जावर पंचांची सहीच नाही. जा गावात परत, करा पहिल्यापासून सुरुवात!"

गिरजा हात जोडून म्हणाली, "जाते, सरकार. जाताना एवढा एक निवाडा द्या. एकानं माझ्याकडनं रांजण नेला, नऊ महिने त्यातलं पाणी प्याला, अन् आता म्हणतोय, काठाला टवका होता, परत घे. घेऊ का?"

"मुळीच नको!" दाजीसाहेब कडाडले. "वाजवून, निरखून घ्यायचं ते नेतानाच. कोण हा शहाणा? नाव सांग त्याचं!"

"नाव कसं घेऊ, सरकार? समोरच बसलेत. रांजण म्हणजे माझा दावा, अन् टवका म्हणजे ती सही."

कचेरीत खसखस पिकली. दाजीसाहेबांनी पुढची जांभई गिळली आणि कारकुनाला फर्मावलं, "रांजण राहू दे इथंच. साक्षीदार बोलवा."