कडुलिंबावरचं गाठोडं

अंगठी परत केली, एवढाच हौसाचा गुन्हा!

चिंचघाटाच्या पायथ्याशी हौसाची पाणपोई होती. शिकारीहून परतताना भुजंगराजे तिथं हातपाय धुवायला थांबले आणि त्यांची हिऱ्याची अंगठी रांजणापाशी राहून गेली. हौसानं ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि भर उन्हात चार कोस चालत राजवाड्यावर नेऊन दिली. शाबासकी राहिली बाजूला, कोतवालानं तिलाच दरबारात उभं केलं!

"महाराज, ही बाई चोर आहे!"

"चोर अंगठी आणून देतो होय?" हौसानं विचारलं.

"तिथंच तर पाणी मुरतंय! सापडलेला हिरा कुणी परत करतं का? म्हणजे हिनं आधी चोरला, मग हिची पाचावर धारण बसली, मग आणून दिला. बोल, सापडला तेव्हा साक्षीला कोण होतं?"

"साक्षीला कुणी असतं, तर मी कशाला उन्हात तंगडतोड केली असती? त्याच्याच हाती पाठवली असती की!"

दिवाणजींनी मान डोलावली, पण ती कोतवालाकडे बघून. राजज्योतिष्यांनी बोटं मोजली आणि ग्रहही कोतवालाच्याच बाजूनं आहेत असं सांगितलं. एवढ्या मोठ्या दरबारात एकालाही बाईचं म्हणणं पटेना. पटणार कसं? ज्यानं त्यानं स्वतःवरूनच ताडून पाहिलं होतं!

राजेसाहेब तर हट्टी. एकदा डोक्यात काही शिरलं की शिरलं. "कोतवाल म्हणतात ते खरं," ते म्हणाले. "या दरबारात आमची पानाची डबी हरवली. सोन्याचा अडकित्ता हरवला. दसऱ्याला तर आमच्या उजव्या पायातला जरीचा जोडा हरवला! आलं का काही परत? आमच्या राज्यात परक्याची वस्तू पचवायला सगळे टपलेले! तसं नसेल तर तीन दिवसांत सिद्ध कर. नाही जमलं तर पाणपोई मोडून टाकू आणि तू तुरुंगात!"

हौसाला घाटातले वाटसरू आठवले. तुरुंगाचं एक वेळ ठीक, पण चैत्राचं ऊन, वर दोन कोस घाट आणि वाटेत थेंबभर पाणी नाही. माणसं तडफडतील की! तिनं क्षणभर विचार केला.

"महाराज, एक गोष्ट तुमच्या कानात सांगायची आहे."

राजांनी कान पुढं केला. दरबाऱ्यांनीही केले, पण त्यांना काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणपोईच्या कडुलिंबावर एक गाठोडं लटकलं. त्यात नवल असं काही नव्हतं. वाटसरू जे विसरून जाईल ते त्या झाडाला टांगायचं, आणि मालकानं आतल्या वस्तूची खूण सांगून घेऊन जायचं, ही तिथली जुनी रीत. नवल असलंच तर झाडाखालच्या गुराख्याचं. तीन दिवस बसला, पण त्याच्याजवळ एकही जनावर नव्हतं!

चौथ्या दिवशी हौसा गाठोडं घेऊन दरबारात हजर झाली.

"हे तीन दिवस माझ्या झाडावर होतं. मी उघडलेलं नाही. इथं कुणाचं आहे का? खूण सांगा आणि घेऊन जा."

कोतवालानं गाठोडं चाचपलं. आत काहीतरी टणक लागलं आणि गड्याच्या तोंडाला पाणी सुटलं. "अगं, हे माझंच! आत आमच्या हिचा चांदीचा करंडा आहे!"

"कसला करंडा?" दिवाणजी ताडकन उठले. "आत आमच्या कुलदेवीचा सोन्याचा मुखवटा आहे! आईशप्पथ!"

"दूर व्हा! देवाच्या वस्तूला हात लावू नका!" राजज्योतिषी ओरडले. "माझा पूजेचा शंख आहे तो. सोन्यानं मढवलेला!"

तिघांची अशी ओढाताण झाली की पगड्या जमिनीवर लोळल्या. राजांच्या मिशा मघापासून थरथरत होत्या. ते खाली उतरले, त्यांनी गाठ सोडली, आणि आतून निघाला जरीचा जोडा. एकच. डाव्या पायाचा!



"ही गाठ आम्ही स्वतः मारली होती," राजे म्हणाले. "तो गुराखीही आमचाच हुजऱ्या. काय रे, काय पाहिलंस?"

हुजऱ्या पुढं आला. "सरकार, शे-दोनशे माणसं पाणी पिऊन गेली. 'माझं' असं एकही म्हणालं नाही. एक कासार म्हणाला, 'कुणा बिचाऱ्याचं आहे, जीव टांगणीला लागला असेल त्याचा.' एका तेल्यानं गाठ सैल वाटली म्हणून घट्ट केली. आणि एक म्हातारी तर मालकाला शोधायला अर्धा घाट चढून परत आली!"

कोतवाल जमिनीकडे बघू लागला. दिवाणजींना खोकल्याची उबळ आली. ज्योतिष्यांना आपले ग्रह आठवेनात.

"बाई, तू जिंकलीस," राजे म्हणाले. "पण मग एक सांग. माझ्या राज्यातली माणसं इतकी चांगली, तर माझी डबी, माझा अडकित्ता, माझा उजवा जोडा परत का येत नाही?"

"महाराज, अंगठी आली की! ती रस्त्यात हरवली म्हणून आली. बाकीचं सगळं तुम्ही दरबारात हरवलंत, त्याला मी तरी काय करू?"

 राजे असे खदाखदा हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तीच अंगठी त्यांनी हौसाच्या हातावर ठेवली, पाणपोई दगडात बांधून द्यायचा हुकूम सोडला, आणि वैशाख संपेपर्यंत तिथले रांजण भरायला तिघांना नेमलं. कोतवाल, दिवाणजी आणि राजज्योतिषी!

आठ दिवसांनी हौसानं सकाळी पाहिलं, तर कडुलिंबाला पानाची डबी लटकत होती. शेजारी सोन्याचा अडकित्ता होता. आणि खालच्या फांदीवर जरीचा एक जोडा डुलत होता, उजव्या पायाचा. तिघंही मान खाली घालून रांजण भरत होते. हौसानं कुणालाच काही विचारलं नाही.