मोजड्यांचा मुजरा

एका राज्यात रिवाजच असा, की राजाच्या मोजड्यांच्या वर कुणी नजर न्यायची नाही. राजा धैर्यकेतू सिंहासनी बसे, दरबार मोजड्यांना मुजरा करी, आणि राजाला वाटे, सारं जग आपल्याला ओळखतं.

एके दिवशी एक मांत्रिक आला, तो थेट राजाच्या डोळ्यांत पाहू लागला. राजाने त्याला हाकललं. जाता जाता मांत्रिक म्हणाला, "तीन दिवसांत तुझा धूर होईल. कुणी मनापासून ओळखलं, तरच वाचशील."

तत्क्षणी राजाच्या पावलांचा धूर झाला. मोजड्या सिंहासनापुढे रिकाम्या राहिल्या.

राजाच्या पिंजऱ्यातली मैना म्हणाली, "ओळखणारं माणूस शोधत तीन दारी जा, राजा. तरंगत गेलास तरी चालेल."

पहिलं दार दरबाराचं. राजा म्हणाला, "मी धैर्यकेतू."

चोपदार दरडावला, "गप रे. महाराज ते तिथे आहेत." आणि त्याने मोजड्यांना मुजरा केला.

दुसऱ्या दिवशी कंबरेपर्यंत धूर. राजा आपल्या भाटाकडे गेला. भाट म्हणाला, "कमलनेत्र महाराज ते! तुझे डोळे तर घारे."

तिसऱ्या दिवशी छातीपासून वरचाच काय तो राजा उरला. राजा भिवाई कुंभारणीच्या चाकापाशी टेकला. ओळख मागायचं सोडून तो तिच्या हातांकडे पाहू लागला. मग म्हणाला, "बाई, काठाला अंगठ्याची खूण तुम्हीच ठेवता ना? माझ्या घरी तुमची घागर आहे. पाणी फार गोड लागतं."

आता ही गोष्ट सांगणारा मी पडलो कापडवाला. चाळीस वर्षांत एक कळलं: गिऱ्हाइकाला आधी 'या, बसा' हवं असतं, कापड मागाहून.

भिवाईचं चाक थांबलं. तिने मान वर केली. "घागरी सगळे नेतात, दादा. ती खूण आजवर कुणी पाहिली नव्हती." मग त्याला निरखून म्हणाली, "फार दमलात हो. नाव काय तुमचं?"

राजाने नाव सांगितलं. "बसा, धैर्यकेतूदादा," ती म्हणाली, आणि राजाला पाय फुटले. अनवाणी, पण चांगले भक्कम.

दुसऱ्या दिवशी राजाने रिवाज मोडला. दरबाराने भीत भीत माना वर केल्या. चोपदार चाचरला, "महाराज, आपल्या गालावर तीळ आहे की."

"आहे खरा," राजा हसला. "आणि चोपदार, वीस वर्षं माझ्या दारात उभे आहात. आपलं नाव?"

"सटवाजी, महाराज," म्हातारा म्हणाला, आणि शेल्याने डोळे पुसू लागला.