शतावधानी

"मग ते गेलं कुठं, बुवा?"

अनंतशास्त्रींचा आवाज चढला होता. सत्तरी उलटलेले शास्त्री नावाजलेले शतावधानी. शंभर जणांनी एकेक प्रश्न विचारायचा, मधूनच कुणीतरी घंटा वाजवायची. शेवटी शास्त्री सगळी उत्तरं क्रमानं द्यायचे आणि घंटा किती वेळा वाजली तेही सांगायचे. गेल्या महिन्यात भरसभेत ते चुकले. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्याच त्यांना झोंबल्या.

म्हणून ते कृष्णाकाठच्या या मठात आले होते. लहानपणी ही विद्या त्यांना इथल्याच निरंजनबुवांनी दिली होती. बुवा आता नव्वदीचे.

"नीट सांग, अनंता."

"सात वर्षांचा असताना एका मुंगीमागे अख्खी दुपार जायची. आई हाका मारून दमायची, मला पत्ता नसायचा. तिशीत शंभर माणसं मुठीत धरली..."

"आणि आता?"

"आता श्लोक सुरू केला की चिमणी आत येते. भांडी आत येतात. कुणाचा तरी खोकला येतो. दार लागतच नाही, बुवा. मला माझं पूर्वीचं परत द्या."

बुवांनी पाठशाळेतल्या ओळीकडे पाहिलं.

समोर पाच विद्यार्थी डोळे मिटून पाठ म्हणत होते. एकाचीही पापणी हलत नव्हती.

"हे असं!" शास्त्री म्हणाले. "असा होतो मी. किंबहुना यांच्याहून..."

ते मध्येच थांबले.

"काय झालं?"

"विहिरीवरची कप्पी."

"येसूबाई पाणी काढतेय."

"काढत होती. पोहरा अर्ध्यावर थांबला... बुवा, ती पडली!"

उपरणं तिथंच टाकून शास्त्री धावत सुटले.

येसूबाई मठातली स्वयंपाकीण. पाय घसरून ती आत गेली होती आणि दोराला लोंबकळत होती. भीतीनं तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शास्त्रींनी काठावर आडवं पडून दोर दोन्ही हातांनी आवळला. तळहात सोलून निघाले, पण त्यांनी सोडला नाही.

"धावा रे!"

विद्यार्थी आले. सहा जणांनी मिळून तिला वर ओढलं. येसूबाई काठावर बसली, धापा टाकत तिनं शास्त्रींकडे बघितलं आणि ती हमसून हमसून रडली. मग पहिलं वाक्य बोलली, "चुलीवर भात आहे!"

सगळे हसले. सोललेले हात छातीशी धरून शास्त्रीही हसले, कितीतरी दिवसांनी.

पाठशाळेत परतल्यावर एका विद्यार्थ्यानं विचारलं, "आम्ही तर तिथंच होतो. तुम्हाला कसं ऐकू आलं?"

"कुणास ठाऊक..." शास्त्री म्हणाले. "मी ऐकत नव्हतो."

बुवा काठी टेकत उठले. शास्त्रींचा दंड धरून त्यांनी त्यांना शिकवताना बसायच्या आपल्या घोंगडीवर बसवलं. मग हळूहळू चालत विद्यार्थ्यांच्या ओळीपाशी गेले.

"सरका रे जरा. मलाही बसू द्या."