धुरपाची गोल विहीर

किती वर्षं झाली, ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. सावरवाडीत तेव्हा चार भावक्या होत्या, आणि पाणी ओढायला प्रत्येकीला विहिरीची आपली वेगळी बाजू हवी असायची. म्हणून विहीर चौकोनीच खणायची. पावसाळ्यात माती फुगली की कोपरा ढासळायचा, पुन्हा नवी विहीर, तीही चौकोनीच. काय म्हणावं या माणसांना!

विहिरी खणणारा सिदू अशाच एका कोपऱ्याखाली सापडला. जीव वाचला, पाय मोडला. त्याची बायको धुरपा. तिला तेव्हापासून चैन पडेना. पाय बरा झाला की नवरा पुन्हा तसल्याच खड्ड्यात उतरणार, हे तिला दिसत होतं. दळता दळता तिचा हात थांबायचा आणि ती नुसती जात्याकडे बघत राहायची. जात्याला कोपराच नव्हता.

एके दिवशी ती दळण अर्धं टाकून उठली. माळावर खुंटा ठोकला, त्याला दोरी बांधली, दुसऱ्या टोकाला पहार धरली आणि दोरी ताणून चालत सुटली. गोल रेघ उमटली. त्या रेघेवर पुन्हा गवत उगवलंच नाही, असं म्हणतात.

चारी भावक्यांचे म्हातारे धावत आले. "अगं, यात आमची बाजू कंची?"

"दोरी धरा अन् फिरा," धुरपा म्हणाली. "कुणाला खुंटा लांब पडला तर मला सांगा."

चौघं फिरले. पुन्हा पुन्हा फिरले. कुणालाच लांब पडला नाही.

मग तिनं खणायला घेतलं. सात दिवसांत पाणी लागलं, असं म्हणतात. आतून दगडांचं गोल बांधकामही झालं. ती तळाचा गाळ काढत होती, तेवढ्यात पावसानं गाठलं. सिदू काठावर काठी टेकून उभा होता.

"धुरपे, वर ये! माती फुगली!"

"भिंत धरती का न्हाई, ते मला बघू दे," खालून आवाज आला. "उद्या तुला उतरायचंय."

तीन दिवस पाऊस पडला. लोकांनी सिदूला बसवायला पाहिलं, तो बसला नाही. माती चहूकडून दाबत होती, आणि जितकी दाबेल तितके दगड एकमेकांना घट्ट धरत होते. चौथ्या दिवशी धुरपा चिखलानं माखून वर आली. तेव्हा कुठे सिदू खाली बसला.

आजही तिकडे विहीर खणताना धुरपाच्या नावानं आधी खुंटा ठोकतात. आणि खाली माणूस असेपर्यंत काठावर कुणीही बसत नाही, मग तो पाटील असो नाहीतर ऐंशी वर्षांचा म्हातारा.