खटावकरशेटचा लोगो

शिकले चित्रकला आणि करते दुकानांच्या वेबसाइट, तेही दीड वर्षाची लेक कडेवर घेऊन. साडीवाले खटावकरशेट सातव्यांदा म्हणाले, "लोगो आणखी मोठा करा. तुम्हा चित्रकारांना धंदा कळत नाही." ते खरंही असेल, पण त्यांच्या लोगोपायी माझं चित्र महिनाभर अर्धवट पडलं होतं. वैतागून त्यांच्या दुकानातच गेले.

"शेट, रुंद काठाची साडी दाखवा."

त्यांनी दाखवली.

"आणखी रुंद."

तीही दाखवली.

"अजून!"

"अहो ताई, सगळा काठच झाला तर साडी दिसेल कुठं?"

"मग एवढ्या मोठ्या लोगोखाली तुमच्या साड्या कुठं दिसतील?"

शेट साड्यांच्या घड्या घालू लागले. मग म्हणाले, "पहिला होता तोच ठेवा."

घरी येऊन चित्र पुरं केलं, कोपऱ्यात सही केली. जरा लहानच वाटली.