शेवटचा पाना

"मग हातच खोटा आहे का माझा, उस्ताद?"

अभिनंदन मगदूमने हे विचारलं तेव्हा दस्तगीर उस्ताद चहात पडलेली मुंगी बोटाने बाहेर काढत होते. मुंगी निघाली. त्यांनी तिला कट्ट्यावर सोडलं, ती चालायला लागेपर्यंत बघत बसले आणि मग चहा प्यायले.

उत्तर काही आलं नाही.

अभिनंदनला याची सवय होती. सहा वर्षं हाताखाली काम शिकताना त्याने या माणसाच्या उत्तरांची वाट बघितली होती, आणि त्यातली निम्मी अजून यायची होती.

मलकापुरात, आंबा घाटाच्या अलीकडे, रस्त्याला लागून उस्तादांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक चिंच आणि जमिनीत खणलेला पुरुषभर खोल खड्डा. गाडी खड्ड्यावर उभी करायची, आपण पायऱ्या उतरून खाली जायचं आणि मान वर करून काम करायचं. ऑइल गळलं तर ते तोंडावरच गळणार, दुसरीकडे जायला जागा नाही.

पोरगा मुळात हुशार. हाताला गुण होता, आणि तो आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी निरोप घेताना म्हणाला होता, आता खड्ड्यात कोण उतरतं उस्ताद, मी लिफ्ट बसवणार.

"बसीव की," उस्ताद म्हणाले होते.

त्याने बसवली. बांबवड्यात, मोठ्या रस्त्यावर. बटण दाबलं की गाडी चारी चाकं लोंबवत डोक्याच्या वर जायची आणि अभिनंदन इस्त्रीचा शर्ट घालून ताठ उभ्याने काम करायचा. लोक बघायला यायचे. आपल्याकडे काम कमी आणि बघे जास्त असतात, ते सोडा, पण गॅरेज चांगलं चाललं होतं.

चैत्रात हेरवाडे डॉक्टरीणबाईंची गाडी आली, तिथून चक्र फिरलं.

सतरा वर्षांची पांढरी गाडी. मागच्या चाकांना गाडीच्या अंगाशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्या असतात, त्यांना मेकॅनिक लोक आर्म म्हणतात. आर्मच्या दोन्ही टोकांना रबराचे जाड बुश, आणि बुशमधून बोल्ट. हे रबर गेलं की मागची चाकं आपल्या मर्जीची होतात. गाडी पुढून शहाण्यासारखी चालते आणि मागून दारू घेतलेल्या पाव्हण्यासारखी डुलते.

त्याने बुश बदलले. तीन महिन्यांत फाटले.

आषाढात पुन्हा बदलले, त्याहून भारी आणून. कार्तिकात पुन्हा फाटले.

डॉक्टरीणबाई दर गुरुवारी घाट उतरून खालच्या वाड्यांमध्ये पेशंट बघायला जातात, तेही एकट्या, स्वतः गाडी चालवत. मागच्या गुरुवारी एका वळणावर गाडीने मागून अंग टाकलं. थांबली तेव्हा कठडा हातभर लांब होता.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. गाडी त्याच्याकडेच घेऊन आल्या. त्याने आर्म नवे घातले, बुश नवे, बोल्टसुद्धा नवे. काल संध्याकाळी काम संपलं तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं, "उद्या दिवसभर बघ चालवून. तू हो म्हणालास तर परवा गुरुवारी जाते."

आणि त्याच्या तोंडून हो निघेना.

रात्री त्याने बायकोला सांगून टाकलं होतं की गॅरेजची पाटी उतरवणार. ज्या कामाची आपल्यालाच खात्री नाही, त्याच्या भरवशावर दुसऱ्याला घाटात कसं धाडायचं? आज बुधवार. काही न सुचून तो गाडी आणि बाई दोघींनाही घेऊन उस्तादांच्या दारात आला होता. बाई चिंचेखाली बाकड्यावर पेपर वाचत होत्या.

उस्तादांनी ग्लास खाली ठेवला.

"रबर?"

"कंपनीचं."

"आवळलंस किती?"

"पुस्तकात दिलंय तेवढंच. मापाचा पाना आहे माझ्याकडं." एवढ्या दुःखातही हे सांगताना त्याची मान थोडी वर झालीच.

"कुठं?"

"काय कुठं?"

"आवळलंस कुठं?"

"गॅरेजमध्ये... लिफ्टवर."

उस्तादांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या बॅरलकडे बोट केलं.

"बस त्यावर."

बॅरल कमरेच्या वर उंच. अभिनंदन चढून बसला. पाय अधांतरी लोंबायला लागले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बायकोने दिलेली चेन आणि शाळेतल्या पोरासारखे हलणारे पाय. बाईंनी पेपरवरून एकदा बघितलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

उस्तादांनी खिळ्याला टांगलेल्या सायकलच्या ट्यूबची एक जुनी पट्टी काढली. गुडघे कुरकुरवत खाली बसले. अभिनंदनचा उजवा पाय धरला आणि मांडी ते पोटरी, गुडघ्याच्या मागून, तीन-चार वेढे दिले. चांगले आवळून गाठ मारली.

"रुततंय?"

"नाही."

"सैल हाय?"

"नाही. बरोबर बसलंय."

"मापाचा पाना आणू?"

अभिनंदनने मान खाली घातली.

"उतर आता," उस्ताद म्हणाले. "जा, डॉक्टरीणबाईस्नी इचारून ये, च्या घेणार का."

तो उतरला. पाय जमिनीला टेकला आणि गुडघा सरळ व्हायला गेला, तशी पट्टी मागून खेचायला लागली. पहिलं पाऊल कसंबसं पडलं. दुसऱ्याला पोटरीत कळ आली. चौथ्याला पट्टी फट् करून तुटली आणि तो बाईंच्या पुढ्यात जवळजवळ पडलाच.

"चहा... घेणार का, बाई?"

"घेईन की," बाई म्हणाल्या. "पण पायाला काय झालं?"

तो बाईंच्या खांद्यावरून पलीकडे, गाडीच्या मागच्या चाकांकडे बघत होता.

चाकं जमिनीवर होती. गाडीचा सगळा भार घेऊन, गाडीच्या अंगात वर सरकून, आपल्या जागी बसलेली.

लिफ्टवर ती तशी नव्हती. लिफ्टवर ती लोंबत होती. लोंबत्या चाकांबरोबर आर्मही खाली झुकलेले, आणि त्या झुकल्या अवस्थेतच त्याने बोल्ट आवळून रबराला पक्कं धरून ठेवलं होतं. गाडी जमिनीवर आली की आर्म आडवे होणार, आणि रबर गाडी जागची हलायच्या आधीच पिळलेलं. त्यावर रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्याला आणखी पीळ देणार. रबर कितीही भारी असलं म्हणून किती दिवस टिकेल?

म्हणजे रबर चांगलं होतं. पाना चांगला होता. हातही चांगला होता.

आणि मग त्याला ते आठवलं, आणि कानशिलं तापली.

शेवटचा पाना खालून. या गॅरेजची रीतच ती. जॅकवर गाडी असताना बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवायचे. मग जॅक काढायचा, गाडी चारी चाकांवर उभी करायची, आणि मग उस्ताद म्हणायचे, उतर. सहा वर्षांत किती वेळा तो उतरला असेल, गणती नाही. त्याला वाटायचं, म्हाताऱ्याकडे लिफ्ट नाही म्हणून ही वणवण. कधी वाटायचं, पोरांच्या तोंडावर ऑइल गळलेलं बघायला म्हाताऱ्याला आवडतं.

तो परत आला. उस्तादांनी पाना आधीच पुढे धरला होता.

"उतर."

त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, दगड लावले आणि पायऱ्या उतरला. तीन वर्षांत खड्डा तसाच होता. तोच वास, तीच ओल, भिंतीवर त्यानेच कधी तरी खडूने काढलेला क्रिकेटचा धावफलक. हातातली बॅटरी लावून त्याने एकेक बुश तपासला.

"रबर?" वरून आवाज आला.

"शाबूत आहे, उस्ताद. कालचंच आहे."

"मग सोड त्याला."

त्याने पहिला बोल्ट सैल केला. बुशच्या आतला लोखंडी तुकडा स्वतःहून फिरला. नखभरच, पण फिरला, आणि कुर्र असा बारीक आवाज झाला. दुसरा सोडला, तोही फिरला. दोन्ही बाजूंचे मिळून आठ बोल्ट. आठही रबरं, घट्ट जोडा काढल्यावर पायाची बोटं हलतात तशी, आपापली सुटी झाली. आठव्याला अभिनंदनच्या लक्षात आलं की आपलेही खांदे खाली आलेत. चैत्रापासून ते कानापाशी होते.

त्याने आवळायला पाना लावला.

"थांब," उस्ताद म्हणाले.

वर पावलं वाजली. उस्ताद बाईंना सांगत होते की रोज बसता तशा बसा, आणि औषधांची पेटी असते तिथंच ठेवा. दार उघडलं. पेटी ठेवल्याचा आवाज आला, मग दार लागलं. गाडी किंचित खाली दबली.

"हं. आता."

अभिनंदन आवळू लागला. डोक्यावर गाडी, गाडीत बाई. पहिला बोल्ट, दुसरा, तिसरा. सहाव्याला वरून एक काळा थेंब सुटला आणि बरोबर हनुवटीवर पडला. त्याने पुसला नाही.

"अभिनंदन," बाईंनी वरूनच विचारलं, "उद्या जाऊ का रे?"

"जा, बाई."

शब्द निघून गेल्यावर त्याला कळलं की तो निघाला. काल संध्याकाळपासून अडलेला, रात्री बायकोसमोरही न फुटलेला. तो खड्ड्यात एकटाच हसला, आणि हसता हसता डोळे पुसले, तेव्हा ऑइल डोळ्यात गेलं.

नंतर बाई गाडी घेऊन घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन आल्या. दोघंही कट्ट्यावर बसून वाट बघत होते, तरी आपण वाट बघतोय असं कुणी दाखवत नव्हतं. बाई परत आल्या, काच खाली केली आणि म्हणाल्या, "आता मागून कुणी ओढत नाही." उस्तादांना नमस्कार केला. चहा राहिला तो राहिलाच, म्हणाल्या, उद्याची औषधं भरायची आहेत. अभिनंदनला म्हणाल्या की तू एसटीने ये. आणि गेल्या.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. ती न डुलता, सरळ गेली.

अभिनंदनच्या शर्टाची इस्त्री पार गेली होती. पाटी उतरवायची नव्हती. हे बायकोला फोन करून सांगावं असं त्याला वाटलं, पण त्याआधी एक गोष्ट राहिली होती आणि ती सलत होती.

"उस्ताद."

"हं."

"सहा वर्षं उतरवलंत मला त्या खड्ड्यात. का उतरायचं, ते एकदा तरी सांगायचं होतं."

उस्ताद तुटलेली ट्यूबची पट्टी गुंडाळत होते. तुटली होती तरी टाकवत नव्हती त्यांना. गुंडाळून झाली, खिळ्याला अडकवून झाली...

"तवा तुझ्यावर भार कुठं हुता?"