उंबरझऱ्यावरचा मुक्काम

"वाट निवडावी ती आम्हीच," भिक्खू धनुक म्हणाला. "सावलीची वाट, गोड पाण्याचे झरे, आणि मुक्कामाला सगळ्यांच्या आधी. एवढ्या लांबच्या चालीत माझ्याबरोबरचा एक माणूस हरवला नाही. म्हणजे एक म्हातारे भिक्खू आहेत, ते तेवढे सकाळपासून कुठं दिसत नाहीत."

घाटाच्या पायथ्याची ती धर्मशाळा कण्हा नावाची उपासिका चालवीत असे. भिक्खूंना संध्याकाळी जेवण चालत नाही, म्हणून तिने कोकमाचे पाणी आणले होते. धनुकाचे बोलणे ऐकून तिने एक वाडगा जास्तीचा भरला आणि उंबऱ्याशी ठेवला.

झाले होते ते असे. या धर्मशाळेतली भिंतीच्या आडोशाची जागा दुसऱ्या कोणी पटकावू नये म्हणून धनुकाने आपल्या सोबत्यांना उजाडण्याआधीच उठवून चालते केले होते. आदल्या मुक्कामी म्हातारे भिक्खू पलीकडच्या कोपऱ्यात झोपले होते. त्यांना उठवायचे राहिले. ठरवून नव्हे, कोणाच्या ध्यानातच आले नाही.

दिवस कलला तेव्हा शास्ता, म्हणजे या सगळ्या भिक्खूंचे गुरू, आले. त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन म्हातारे भिक्खू पाऊल पाऊल टाकीत येत होते. शास्त्यांनी त्यांचे पाय धुतले, त्यांना भिंतीच्या आडोशाला, म्हणजे नेमके धनुकाच्या अंथरुणावर बसवले, उंबऱ्याशी ठेवलेला वाडगा त्यांच्या हाती दिला, आणि म्हणाले, "धनुका, माणसं मुक्कामावर मागं टाकायची तुझी सवय आजची नाही."

"भगवन, हे पहिल्यांदाच घडलं."

"या जन्मात," शास्ता म्हणाले, आणि त्यांनी ही कथा सांगितली.

पूर्वी तगर नगरात शिवक नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या, म्हणजे व्यापारी तांड्याच्या नायकाच्या, घरी जन्मास आले. त्यांचे नाव पालित. वडिलांच्या मागे बैलगाड्यांचा तांडा पालितकडे आला. तगरचे तलम कापड शूर्पारकाच्या बंदरावर न्यायचे आणि वारा फिरण्याच्या आत जहाजावर चढवायचे, असा तो धंदा. वारा फिरला की जहाजे कोणासाठी थांबत नाहीत, आणि मग ते कापड वर्षभर वखारीतल्या उंदरांच्या कामी येते.

तांड्याचा स्वयंपाक सामा नावाची विधवा करीत असे. पालितला तिने रांगताना पाहिले होते. तिची त्याच्यावर फार माया होती, त्यामुळे ती त्याच्याशी धड कधी बोलत नसे. ती त्याला गोगलगाय म्हणे, कारण वाट निवडायला तो फार वेळ लावी. बाकीचे सार्थवाह विचारीत, चारा कुठे, चोर कुठे. हा मात्र समोरून येणाऱ्या प्रत्येकाला बसवी, पाणी देई, आणि एवढेच विचारी: "रात्री कुठं राहिलात, आणि सकाळी उठलात तेव्हा कसं वाटलं?"

त्या वर्षी कापड मागावरून उशिरा उतरले. नदीकाठची नेहमीची वाट लांबची होती. घाटातली जवळची होती, आणि तिच्यावर उंबरझरा नावाचे मुक्कामाचे ठिकाण होते. घाटातून येणारे सगळे त्या झऱ्याचे गुण गात. सावली दाट, पाणी गार, गवत गुडघाभर. फक्त तिथे रात्री राहिलेला कोणी भेटेना.

"दिवसाच पार झालो," असे म्हणत.

"का बरं?"

"सहज."

हे 'सहज' पालितने इतक्या तोंडून ऐकले की त्याला ते आवडेनासे झाले.

"विचार, अजून विचार," सामा म्हणाली. "आता तेवढा एक बैल राहिलाय विचारायचा."

पुढच्या गाडीवर कुंड नावाचा गाडीवान असे. तो म्हणाला, "मालक, तुम्ही पुसत बसाल, पण वारा तुम्हाला पुसून फिरणार नाही."

तेव्हा पालितने घाटाची वाट धरली. पण उंबरझरा उजेडीच मागे टाकायचा आणि वरच्या उघड्या खडकावर राहायचे, असे त्याने सर्वांना बजावले. चढावर एका गाडीचा आस मोडला. तो बसवीपर्यंत सूर्य डोंगराआड गेला, आणि तांडा उंबरझऱ्याशीच पोचला.

"खडकावर चला," पालित म्हणाला.

"तिथं पाणी नाही. बैलांच्या जिभा बघा," कुंड म्हणाला. मग त्याने झऱ्यापलीकडे बोट दाखवले. "आणि ते बघा, तांडा उतरलाय. आता कसली भीती?"

उंबरांखाली गाड्या लागल्या होत्या आणि चुली पेटल्या होत्या. ते पाहून सर्वांचा जीव भांड्यात पडला. वाटेवर राहणाऱ्यांचा हा जुना हिशेब होता: जिथे दुसरा तांडा उतरला आहे ती जागा चांगली. पालितनेही मान डोलावली.

वाटेची रीत अशी होती, की जो तांडा आधी उतरेल तो सकाळी आधी निघेल. मागून आलेल्याने त्याला ओलांडायचे नाही. आणि निघताना सार्थवाहाने प्रत्येकाला नावाने हाक मारायची. हाक आल्याखेरीज कोणी जू बांधायचे नाही. कोणी मागे राहू नये, यासाठी ही रीत होती.

मागून आलेल्यांनी आधीच्यांच्या चुलीतला विस्तव मागून आणायचा, हीही रीतच होती. सामा खापर घेऊन झऱ्यापलीकडे गेली. तिथे माणसे चुलींभोवती बसली होती. चुलींवर मडकी होती. पण सामाचा सगळा जन्म चुलीपुढे गेलेला, आणि तिच्या नाकाला शिजल्याचा वास काही येईना. धुराचासुद्धा येईना. कोणी तिच्याकडे वळून पाहिले नाही. तिने वाकून एका चुलीतले निखारे खापरात ओढले. निखारे लालबुंद होते. हाताला मात्र ते नदीतल्या गोट्यांसारखे गार लागले.

झरा ओलांडून आली तेव्हा खापरात राख होती.

"त्यांचा विस्तव कुंडच्या अकलेसारखा आहे," ती म्हणाली. "चमकतो, पण काही शिजत नाही." सगळे हसले. सामाही हसली, पण तिने खापर झऱ्यात न धुता दूर भिरकावून दिले, आणि चकमकीने आपली चूल पेटवली.

पूर्व दिशा राखी झाली तशी मंडळी उठली. रीतीप्रमाणे पलीकडचा तांडा निघण्याची वाट पाहू लागली. तो तांडा निघेना. वाट पाहण्यात किती वेळ गेला कोण जाणे, कारण उजेड होता तेवढाच राहिला. ना वाढला, ना कमी झाला. पिंजऱ्यातल्या कोंबड्याने मान ताणली, चोच उघडली, आवाज आला नाही. सामाने कढणासाठी पाणी ठेवले होते. खाली जाळ धडधडत होता आणि पाण्याला बुडबुडा येत नव्हता.

कुंड वैतागला. "रीत गेली खड्ड्यात. मी निघतो," म्हणाला, आणि गाडी जुंपून घाटाच्या तोंडात शिरला. थोड्या वेळाने मागच्या बाजूने, ज्या वाटेने काल ते सगळे आले होते त्या वाटेने, त्याची गाडी परत उंबरांखाली आली. तो खाली उतरला. आपण वळलो कुठे, हे त्याला सांगता येईना. एरवी त्याच्या तोंडाला खीळ नसे. आता तो बैलांच्या गळ्यात हात टाकून गप्प उभा राहिला.

"सामाक्का, माझ्याबरोबर ये," पालित म्हणाला.

"मी कशाला?"

"तू सोबत असलीस की मला भीती वाटायला सवड मिळत नाही."

दोघे झऱ्यापलीकडे गेले. गाड्या भरलेल्या होत्या, गाठोडी बांधलेली होती, आणि माणसे ती मांडीवर घेऊन घाटाच्या तोंडाकडे पाहत बसली होती. बैल उभे होते. त्यांच्या गळ्यातली घुंगरे हलत होती आणि वाजत नव्हती. गाड्यांच्या चाकांतून करवंदीच्या जाळ्या उगवून वर गेल्या होत्या. सामाने पालितचे उपरणे मुठीत धरले.

"तुम्ही निघत का नाही?" पालितने एका माणसाला विचारले.

"हाक आली नाही," तो म्हणाला.

"तुमचे सार्थवाह कुठं आहेत?"

"तांड्यात ताप आला. आमच्यानं चालवेना. मोत्यांची पेटी घेऊन ते पुढं गेले. बंदर गाठतो, वैद्य घेऊन येतो, मग हाक मारतो म्हणाले. येतील."

तो 'येतील' असे म्हणाला तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनी माना हलवल्या. सामाच्या ध्यानात आले, की ही माणसे तापातून उठलीच नव्हती. आणि हेही आले, की ही निघाल्याखेरीज आपल्यालाही निघता येणार नाही, आणि मग आपल्याही गाड्यांतून करवंदी उगवेल.

पालित म्हणाला, "मी हाक मारली तर चालेल?"

माणूस विचारात पडला. "नाव ठाऊक पाहिजे."

"तुमचं नाव काय?"

त्याने तोंड उघडले, मिटले. खूप काळ कोणी न घेतलेले नाव त्याच्याच हातून हरवले होते. मग तो शेजाऱ्याकडे बोट करून म्हणाला, "याचं माहीत आहे. हा चेल्लण. माझं याला विचारा."

पालितने आधी चेल्लणकडून त्या माणसाचे नाव विचारून घेतले, मग हाक मारली, "चेल्लण, ऊठ बाबा. निघायचंय."

चेल्लण उठला. त्याच्या बैलांची घुंगरे वाजली. गाडी करवंदीच्या जाळीतून पान न हलवता निघाली आणि घाटाच्या तोंडाशी धुक्यासारखी विरली. आकाश एवढेसे उजळले.

असा पालित चुलीचुलीशी बसला. नाव शेजाऱ्याला विचारायचे, हाक मारायची, घुंगरे वाजेपर्यंत थांबायचे. घाई त्याने कोणाच्या बाबतीत केली नाही. सामा मागून पुटपुटत होती, "वारा फिरेल, जहाज जाईल, आणि हा मेलेल्यांची विचारपूस करतोय." पण एका बाईचे नाव कोणाला नीट आठवेना, तेव्हा सामाच तिच्यापुढे बसली आणि आठवतील तेवढी बायकांची नावे घेत राहिली, आणि 'गोमी' म्हणताच ती बाई उठली.

शेवटची गाडी गेली आणि घाटाच्या तोंडात खराखुरा उजेड पडला. कोंबडा आरवला. सामाच्या चुलीवरचे पाणी उकळून उतू गेले. पालितने आपल्या माणसांना एकेक करून हाक मारली. गाड्या हलल्या.

तेवढ्यात त्याला दिसले, की एका उंबराखाली दगडावर कोणी बसले आहे. म्हातारा होता. त्याची गाडी नव्हती. बैलांना चारा टाकीत तो पलीकडच्या तांड्यामागून चालत यायचा आणि वेगळा बसून जेवायचा. त्याच्या शेजारी कोणी बसत नसे. त्यामुळे त्याचे नाव सांगायला कोणी उरले नव्हते.

"मालक, वाट मोकळी झाली," कुंड ओरडला. "त्याला गाडी नाही. तो काय आपली वाट अडवतो? चला."

कुंडचे खरे होते. म्हाताऱ्याने कोणालाच अडवले नव्हते. तो फक्त जाणाऱ्या गाड्यांकडे पाहत होता.

पालित परत फिरला आणि त्याच्यापुढे उकिडवा बसला. म्हणाला, "आजोबा, तुमचं नाव मला ठाऊक नाही. माझं एक आहे, चांगलं वापरलेलं आहे. ते घ्या." आणि त्याने हाक मारली, "पालित, चला. निघायचंय."

म्हातारा उठला. त्याने पालितच्या डोक्यावर हात ठेवला, काठी घेतली, आणि घाटाकडे चालत विरून गेला.

सामाने हे लांबून पाहिले. मग तिला दिसले, की तो दगड रिकामा नाही. त्याच्यावर एक तरुण बसला आहे, आणि जाणाऱ्या गाड्यांकडे पाहतो आहे. तिला वाटले, याला आपण ओळखतो. तिने हाक मारायला तोंड उघडले आणि नाव सापडेना. तिने कुंडला विचारले. कुंड म्हणाला, "कोण? कुठं?" आणि बैलांना चुचकारून पुढे गेला. तरुणाच्या पायाशी गवतातून करवंदीचा एक कोंब वर येत होता.

सामा गाडीतून उतरली. नाव नव्हते, पण राग होता. इतक्या वर्षांचा मुरलेला राग, आणि तो कोणावर काढायचा हे तिच्या जिभेला पाठ होते.

"ए गोगलगाये," ती म्हणाली, "बसलास काय? तुला आता डोक्यावर घेऊन चालू? ऊठ म्हणते ना."

तो दचकला. उठला. "आलो, सामाक्का," म्हणाला, आणि तिचा हात धरून गाडीत चढला. घाट चढेपर्यंत सामाने तो हात सोडला नाही, आणि एक शब्दही बोलली नाही. तांड्यातल्या लोकांना त्याचीच अधिक भीती वाटली.

शूर्पारकाला पोचले तेव्हा जहाजाचे शीड समुद्राच्या कडेला नखाएवढे दिसत होते. कापड वर्षभर वखारीत पडले. पालितला त्याचे नाव परत मिळाले नाही. जन्मभर लोक त्याला गोगलगाय सार्थवाह म्हणत आणि तो ओ देई. उंबरझऱ्यावर मात्र तेव्हापासून तांडे निर्धास्त राहू लागले. सकाळी उठल्यावर कसे वाटले, असे कोणी विचारले तर सांगत, की पहाटे कुठेतरी लांब घुंगरे वाजतात, आणि बरे वाटते.

एवढे सांगून शास्त्यांनी तेव्हाची आणि आताची माणसे जुळवून दिली. "मोत्यांची पेटी घेऊन पळालेला सार्थवाह म्हणजे धनुक. सामा म्हणजे आपल्याला कोकमाचं पाणी देणारी ही कण्हा. दगडावर बसलेले आजोबा म्हणजे आत्ता भिंतीला टेकून बसलेले हे वृद्ध भिक्खू. आणि गोगलगाय सार्थवाह म्हणजे मीच. जो मागं राहिला त्याच्यासाठी परत फिरणं, हीच करुणा."

बाहेर वाट काळवंडली होती. धनुक उठला. त्याची मान खाली होती, आणि मनापासून खाली होती. म्हाताऱ्या भिक्खूंपुढे हात जोडून तो म्हणाला, "भन्ते, चूक झाली. उद्या पहाटे सगळ्यांच्या आधी मी स्वतः तुम्हाला हाक मारीन."

म्हाताऱ्यांनी वाडग्यातला शेवटचा घोट घेतला आणि त्याच्याकडे पाहिले.

"मार की," ते म्हणाले. "काय नावानं मारशील?"